रस्त्यावर येणाऱ्या पोलिसी रोबोची चौकशी नागरिकाने कशी करावी

पोलीस दल शहराच्या रस्त्यावर रोबो उतरवणार असल्याची बातमी आली की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा शंकाच येते, आणि ती सहसा चुकीच्या ठिकाणी खर्ची पडते. चार पायांवर चालणारे ते बिनडोक्याचे यंत्र पाहून अंगावर काटा येतो हे खरे आहे. पण सभेत उभे राहून ‘हे भयानक दिसते’ एवढेच सांगितले, तर अधिकारी ‘हळूहळू सवय होईल’ असे उत्तर देतात आणि विषय तिथेच मिटतो. रोबोच्या रूपावर राग काढणे म्हणजे साप समजून भुई धोपटणे होय. शंका घ्यायची तर ते यंत्र कोणत्या कामासाठी आणले, कोणाच्या पैशाने आणले, त्याने टिपलेले चित्रण कोणाच्या ताब्यात राहते आणि चूक झाल्यास उत्तर कोणी द्यायचे, यांवर घ्यावी. ज्या नागरिकाला, रहिवासी संघाला किंवा लोकप्रतिनिधीला आपली अस्वस्थता अशा प्रश्नांत मांडायची आहे, त्याच्यासाठी हे लेखन आहे.

वेळेबाबत एक सूचना आधीच देऊन ठेवतो. हे प्रश्न खरेदीचा, भाडेकराराचा किंवा देणगी स्वीकारण्याचा ठराव मंजूर होण्यापूर्वी विचारावेत. यंत्र दारात येऊन उभे राहिल्यावर विचारलेले प्रश्न वरातीमागून निघालेल्या घोड्यांसारखे असतात, कारण तोपर्यंत ‘आता पैसे तर गेलेच आहेत’ हा युक्तिवाद तयार झालेला असतो आणि त्याला तोड देणे फार कठीण जाते.

यंत्र नेमके कोणते?

‘रोबो’ हा शब्द पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत सैलपणे वापरला जातो आणि त्याच्या आड तीन अगदी वेगळी यंत्रे उभी असतात. सर्वांत जुने यंत्र बाँब निकामी करण्याचे आहे. १९७२ मध्ये ब्रिटिश लष्करातील अधिकारी पीटर मिलर यांनी उत्तर आयर्लंडमधील स्फोटके हाताळण्यासाठी विजेवर चालणाऱ्या बागकामाच्या हातगाडीच्या सांगाड्यावरून असे दूरनियंत्रित यंत्र तयार करवले, आणि ते ‘व्हीलबॅरो’ याच नावाने ओळखले जाऊ लागले. संशयास्पद वस्तूजवळ माणसाऐवजी यंत्राने जावे याला सहसा कोणाचा विरोध नसतो, आणि नसावा. दुसरा प्रकार चारपायी रोबोचा आहे. बॉस्टन डायनॅमिक्स कंपनीचा ‘स्पॉट’ हा त्यांतला सर्वांत परिचित. त्याचे वजन साधारण ३२ किलो असते, एकदा चार्ज केल्यावर तो सुमारे दीड तास चालतो, जिने चढतो आणि पाठीवर यांत्रिक हात बसवल्यास दारेही उघडतो. तिसरा प्रकार म्हणजे गस्त घालणारा रोबो. नाइटस्कोप कंपनीचा ‘के५’ हा पाच फुटांच्या आसपास उंचीचा, पावणेदोनशे किलोंहून जड, चाकांवर फिरणारा आणि कॅमेऱ्यांनी भरलेला एक खांबच असतो. त्याला जिना चढता येत नाही.

हा भेद केल्यावाचून पुढे जाऊ नये, कारण तिन्हींवरचे आक्षेप वेगळे आहेत. पहिली दोन यंत्रे सामान्यतः एखाद्या प्रसंगासाठी बाहेर काढली जातात आणि प्रशिक्षित अंमलदार ती दुरून चालवतो, तर गस्ती रोबो काही घडलेले नसतानाही सर्वांच्या मधून फिरत राहतो आणि बराचसा आपला आपण फिरतो. म्हणून ‘हे यंत्र स्वयंचलित आहे का’ असा एकच ढोबळ प्रश्न विचारण्याऐवजी, चालणे स्वयंचलित आहे की पाहिलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे स्वयंचलित आहे, आणि त्या अर्थावरून कोणाला सूचना जाते, असे तीन प्रश्न विचारावेत. चालण्यातली स्वयंचलितता ही बहुतांशी अपघाताची बाब आहे. ‘ही व्यक्ती संशयास्पद वाटते’ असे यंत्र ठरवू लागले, तर मात्र तो नागरिकाच्या हक्काचा प्रश्न होतो.

यंत्राचा उपयोग जिथे आहे तिथे तो मान्यही करावा. मार्च २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील बार्नस्टेबल येथे घरात दडून बसलेल्या सशस्त्र माणसाचा शोध घेण्यासाठी राज्य पोलिसांनी ‘रॉस्को’ नावाचा स्पॉट आत पाठवला, आणि त्याला तीन गोळ्या लागल्या. त्याच्या जागी एखादा पोलीस किंवा जिवंत श्वान असता तर काय झाले असते हे वेगळे सांगायला नको. असे प्रसंग जो टीकाकार नाकारतो, त्याच्या इतर रास्त आक्षेपांकडेही सभागृह दुर्लक्ष करते.

काम लिहून घ्यावे, आणि जे करायचे नाही तेही लिहून घ्यावे

सगळ्या चौकशीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, त्यामुळे येथे थोडे रेंगाळणे भाग आहे. आणताना सांगितलेले काम आणि पुढे प्रत्यक्ष होणारे काम यांत अंतर पडत जाते, आणि ते अंतर कोणाच्या दुष्टपणामुळेच पडते असे नाही. हाताशी असलेले साधन अडचणीच्या वेळी वापरले जाते, एवढे साधे कारणही पुरते. ७ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील डॅलस शहरात एका बंदूकधाऱ्याने पाच पोलिसांना ठार केले. वाटाघाटी निष्फळ ठरल्यावर पोलिसांनी बाँब निकामी करण्याच्या रोबोवर जवळपास अर्धा किलो सी-४ स्फोटक ठेवून तो त्याच्या दिशेने पाठवला आणि स्फोट घडवून त्याला मारले. अमेरिकेत पोलिसांनी रोबोच्या साहाय्याने माणूस मारल्याची ही पहिली ज्ञात घटना होय. त्या रात्रीचा निर्णय योग्य होता की नाही याबद्दल विचारी माणसांतही मतभेद आहेत, आणि त्याचा निवाडा येथे करायचा नाही. परंतु बाँबपासून माणसे वाचवण्यासाठी असलेल्या यंत्राकडूनच बाँब ठेवला गेला आणि ती योजना जागेवरच, काही मिनिटांत आखली गेली, ही वस्तुस्थिती प्रत्येक नव्या प्रस्तावाच्या वेळी समोर ठेवावी.

उलट दिशेची घसरणही होते. होनोलुलु पोलिसांनी करोनाकाळात आलेल्या केंद्रीय मदतनिधीतून १,५०,०४५ डॉलर खर्चून एक स्पॉट विकत घेतला आणि बेघर लोकांसाठी उभारलेल्या तंबूंच्या वसाहतीत ताप मोजण्यासाठी तो वापरला. यात कोणाला इजा झाली नाही. पण जे काम एक साधा तापमापक आणि एक परिचारिका करू शकते, त्यासाठी एवढे महागडे यंत्र का, आणि ते बेघरांच्याच वसाहतीत का, हे प्रश्न लोकांनी विचारले आणि ते योग्यच होते.

म्हणून प्रस्तावात दोन वेगळी कलमे मागावीत. यंत्र कोणत्या प्रसंगी वापरले जाईल हे पहिल्या कलमात यावे आणि कोणत्या प्रसंगी कधीही वापरले जाणार नाही हे दुसऱ्यात. दुसरे कलम लिहायला प्रशासन नेहमीच नाखूश असते, आणि म्हणूनच त्याचा आग्रह धरायचा. पहिल्या कलमात ‘इत्यादी’, ‘आवश्यकतेनुसार’ आणि ‘सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेने’ हे शब्द दिसले की त्यांखाली रेघ मारावी. सक्षम अधिकारी म्हणजे कोणत्या दर्जाचा, त्याने मान्यता लेखी द्यायची की फोनवर, आणि ती नंतर कोणाला पाहायला मिळेल, हे विचारून घ्यावे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये सिंगापूरच्या तोआ पायोह भागात ‘झेवियर’ नावाच्या गस्ती रोबोंची तीन आठवडे चाचणी झाली. मनाई असलेल्या जागी धूम्रपान, विनापरवाना विक्री, चुकीच्या जागी लावलेल्या सायकली, करोनाच्या नियमांपेक्षा जास्त माणसांचा घोळका, अशी त्यांच्या कामाची यादी होती आणि तिला ‘अनिष्ट सामाजिक वर्तन’ असे शीर्षक होते. यादी निदान स्पष्ट होती, हा तिचा गुण. पण असे शीर्षक एकदा मान्य झाले की त्याखाली उद्या काय काय बसवता येईल याचा विचार आजच करावा लागतो.

मसुद्याच्या सर्व आवृत्त्या मागवाव्यात, ही सूचना कंटाळवाणी वाटेल, परंतु सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सगळा प्रकार तिथेच उघडा पडला. कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या कायद्यानुसार पोलिसांना लष्करी स्वरूपाच्या साधनांची यादी आणि वापराचे धोरण निवडून आलेल्या सभागृहापुढे ठेवावे लागते. त्यानुसार २०२२ मध्ये तयार होत असलेल्या मसुद्यात एका सदस्याने रोबोंचा वापर कोणाही व्यक्तीविरुद्ध बळ म्हणून करू नये असे एक वाक्य घातले होते. पोलिसांनी ते खोडले आणि त्याजागी, जीव जाण्याचा धोका अगदी समोर असेल व तो अन्य कोणत्याही उपायापेक्षा मोठा असेल तर रोबोद्वारे प्राणघातक बळ वापरता येईल अशा अर्थाचा मजकूर घातला. २९ नोव्हेंबर रोजी सभागृहाने ८ विरुद्ध ३ मतांनी हे धोरण मंजूर केले, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि ६ डिसेंबरला त्याच सभागृहाने ती परवानगी मागे घेतली. त्या वेळी शहराच्या पोलिसांकडे १७ रोबो होते, त्यांपैकी १२ चालू स्थितीत. यंत्रे तीच राहिली. आठवडाभराचा सारा वाद खोडलेल्या एका वाक्यावरून झाला, आणि ते वाक्य खोडले गेल्याचे ज्यांनी दोन मसुदे शेजारी ठेवून वाचले त्यांनाच दिसले.

निर्मात्या कंपन्यांच्या आश्वासनावर विसंबू नये, हेही येथेच नोंदवावे. ऑक्टोबर २०२२ मध्ये बॉस्टन डायनॅमिक्ससह सहा कंपन्यांनी आपल्या सर्वसाधारण उपयोगाच्या रोबोंवर शस्त्रे बसवणार नाही असे खुल्या पत्रात जाहीर केले. हे पाऊल चांगलेच आहे. तथापि ते पत्र त्या सहा कंपन्यांपुरते आहे आणि पोलिसांना त्याने काहीच बांधलेले नाही. बांधायचे असेल तर ते स्थानिक नियमावलीनेच बांधावे लागते.

कोणत्या वस्तीत?

यंत्र कोठे पाठवले जाईल याचा नकाशा मागावा. न्यूयॉर्कमध्ये ‘डिजिडॉग’ म्हणून आणलेल्या स्पॉटविरुद्धचा राग एप्रिल २०२१ मध्ये शिगेला पोहोचला, कारण तो मॅनहॅटनमधील सरकारी घरांच्या एका इमारतीत पोलिसांबरोबर फिरताना लोकांनी पाहिला. ज्या वस्तीचा पोलिसांशी संबंध आधीच ताणलेला असतो, त्या वस्तीला यंत्राचे तांत्रिक गुण सांगून उपयोग नसतो. तिथे जाण्यापूर्वी तिथल्या रहिवाशांना विचारले होते का, एवढाच प्रश्न पुरेसा आहे. वापरानंतर दर प्रसंगाची जागा, वेळ आणि कारण नोंदवले जावे, म्हणजे वर्षाअखेरीस यंत्र खरोखर शहरभर फिरले की दोनच मोहल्ल्यांत घुटमळले हे कळेल.

पैसा

‘शहराला एक पैसाही खर्च नाही’ हे वाक्य ऐकले की अधिक सावध व्हावे. न्यूयॉर्कने साधारण ९४,००० डॉलरचा पहिला करार लोकक्षोभानंतर एप्रिल २०२१ मध्ये संपवला. पुढे एप्रिल २०२३ मध्ये महापौर एरिक ॲडम्स यांच्या काळात दोन डिजिडॉग साडेसात लाख डॉलरना परत आले, आणि ती रक्कम गुन्ह्यांतील जप्त मालमत्तेच्या निधीतून देण्यात आली. लॉस एंजेलिसमध्ये सुमारे २,७८,००० डॉलरचा स्पॉट पोलिसांना साहाय्य करणाऱ्या एका खासगी प्रतिष्ठानाने देऊ केला. तो स्वीकारावा की नाही यावर नगरपरिषदेत मतदान झाले, मे २०२३ मध्ये ८ विरुद्ध ४ मतांनी तो स्वीकारला गेला, आणि वापराचा तिमाही अहवाल देण्याची अट घालण्यात आली. जप्तीचा निधी, देणगी, विशेष मदत अशा लेखाशीर्षांतून आलेले यंत्र नेहमीच्या अंदाजपत्रकी चर्चेला बगल देऊन आत येते. म्हणून देणगीही सभागृहाच्या मंजुरीशिवाय स्वीकारू नये, अशी मागणी करावी.

किंमत विचारताना चालवण्याचा खर्चही विचारावा. न्यूयॉर्कमधील टाइम्स स्क्वेअरच्या भुयारी रेल्वेस्थानकात सप्टेंबर २०२३ मध्ये के५ आणला गेला, तेव्हा त्याचे भाडे तासाला केवळ ९ डॉलर, म्हणजे किमान वेतनाहून कमी, असल्याचे महापौरांनी अभिमानाने सांगितले. परंतु त्या रोबोसोबत पोलीस अंमलदार फिरत होते, आणि त्यांचे वेतन त्या ९ डॉलरांत नव्हते. पहारेकऱ्याला पहारेकरी ठेवावा लागत असेल तर हिशोब तसा मांडला पाहिजे. जिने असलेल्या स्थानकात जिना न चढणारे यंत्र का निवडले, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

चित्रण

येथे एकच फरक नीट समजून घ्यावा. एखादी सोय ‘बसवलेली नाही’ आणि एखादी सोय ‘बंद ठेवलेली आहे’, ही दोन वेगळी उत्तरे आहेत. चेहरा ओळखणारी प्रणाली, ध्वनिमुद्रण, वाहन क्रमांक वाचणारा कॅमेरा, उष्णता टिपणारा कॅमेरा, यांपैकी प्रत्येकाबद्दल स्वतंत्रपणे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. रोबो स्वतः चेहरे ओळखत नसला तरी त्याचे चित्रण नंतर दुसऱ्या संगणकावर चालवून चेहरे ओळखता येतात, त्यामुळे बंदी यंत्रावर असून भागत नाही, ती चित्रणावर असावी लागते. चित्रण किती दिवस ठेवणार, कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणार की पोलिसांच्या, आणि कंपनीला ते आपली प्रणाली सुधारण्यासाठी वापरता येईल का, हे करारनाम्यातच असते. न्यूयॉर्कने २०२० मध्ये कायदा करून पोलिसांना नव्या टेहळणी साधनाचा परिणाम आणि वापराचे धोरण आधी जाहीर करून लोकांच्या हरकती मागवणे बंधनकारक केले. आपल्याकडे असा नियम नसेल, तर निदान या एका यंत्रापुरती तीच पद्धत मागता येते.

बटण दाबून पाहावे

प्रात्यक्षिकाला बोलावले तर अवश्य जावे, पण टाळ्या वाजवण्यापूर्वी एक गोष्ट करून पाहावी. कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन पार्क शहराने २०१९ मध्ये एका उद्यानात पोलिसांच्या नावाने के५ फिरवायला सुरुवात केली. तिथे मारामारी सुरू झाली तेव्हा एका महिलेने धावत जाऊन त्याचे आपत्कालीन बटण अनेकदा दाबले. रोबोने तिला बाजूला होण्यास सांगितले आणि तो पुढे निघून गेला, वाटेत उद्यान स्वच्छ ठेवा असेही लोकांना सांगत राहिला. नंतर उघड झाले की ते बटण पोलीस खात्याला जोडलेलेच नव्हते, त्याचे संदेश कंपनीकडे जात होते. पोलीस आले ते कोणीतरी फोन केल्यामुळे.

या प्रसंगाची थट्टा बरीच झाली, पण त्यातला धोका गंभीर आहे. अंगावर ‘पोलीस’ असे लिहिलेले यंत्र उभे असले की संकटातला माणूस फोन सोडून त्याच्याकडे धावतो, आणि तेवढी मिनिटे वाया जातात. त्यामुळे बटण दाबल्यावर नेमके कोण बोलते, किती वेळात बोलते, रात्री तीन वाजताही बोलते का, आणि एखादी भाषा न येणाऱ्या किंवा ऐकू न येणाऱ्या माणसाने काय करायचे, हे प्रात्यक्षिकातच पाहून घ्यावे. अधिकाऱ्यांनी निवडलेल्या वेळेऐवजी आपण निवडलेल्या वेळी ही चाचणी करू देण्याची विनंती करावी. नकार मिळाल्यास तो नकार कार्यवृत्तात नोंदवून घ्यावा.

अर्ज आणि निवेदन

कागदपत्रे मागताना ‘रोबोविषयी सर्व माहिती’ असा अर्ज करू नये, कारण त्याला ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ असे उत्तर तयार असते. करारनामा, वापराची नियमावली, प्रत्येक वापराची नोंद, बिघाडांची नोंद आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, असे नाव घेऊन मागावे आणि कालावधी द्यावा. मॅसॅच्युसेट्स राज्य पोलिसांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २०१९ या काळात एक स्पॉट भाड्याने घेतला होता, हे लोकांना कळले ते एका नागरी हक्क संघटनेने सार्वजनिक नोंदी मागवल्यामुळे. लोकांना शारीरिक इजा होईल किंवा धाक बसेल अशा रीतीने यंत्र वापरू नये अशी अट भाडेकरारात असल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले. अट चांगली आहे, मात्र धाक बसला की नाही हे कोण ठरवणार आणि अट मोडल्यास कंपनी आपल्याच गिऱ्हाइकावर कारवाई करणार का, हे पुढचे प्रश्न आपण विचारायचे असतात.

सभेत बोलायला सहसा दोन-तीन मिनिटेच मिळतात. त्यांत सगळे मुद्दे कोंबू नयेत. एकच मागणी करावी, तिच्यासाठी प्रस्तावातले पान आणि कलम सांगावे, आणि पर्यायी वाक्य लेखी द्यावे. ‘कलमात सक्षम अधिकारी याऐवजी पोलीस प्रमुख असे लिहावे आणि मान्यता ४८ तासांत जाहीर करावी’ अशी सूचना सदस्याला उचलून धरता येते, ‘आम्हाला यंत्रांचे राज्य नको’ ही घोषणा तो उचलून धरू शकत नाही. इतर वक्त्यांशी आधी बोलून मुद्दे वाटून घेतल्यास तेच तेच ऐकून सभागृह कंटाळत नाही.

शेवटी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ या शब्दांकडे वळावे. बहुतेक रोबो याच दारातून येतात, आणि प्रयोग म्हटल्यावर तो फसला असे कशावरून म्हणायचे हे सुरुवातीलाच ठरलेले असावे लागते. टाइम्स स्क्वेअरमधील के५ ची गस्त २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली आणि ते यंत्र स्थानकातल्याच एका रिकाम्या गाळ्यात जाऊन बसले. तिथे तरी प्रयोग थांबला. आपल्या शहरात मुदत संपल्यावर यंत्र आपोआप परत जाणार की आपोआप राहणार, हे ठरावात स्पष्ट लिहून घ्यावे. मुदतवाढीसाठी नवे मतदान लागेल, त्याच्या किमान एक महिना आधी वापराच्या व बिघाडांच्या नोंदी जाहीर होतील, आणि अहवाल वेळेत न आल्यास परवानगी त्या दिवशी संपेल, ही तीन वाक्ये ठरावात आली की नाहीत ते मतदानापूर्वी छापील प्रत हातात घेऊन तपासावे.